खड्ड्यातलं सरपण

आषाढातली झड तेरा दिवस लागून राहिली आणि कासारवाडीतल्या सगळ्या चुली धुपायला लागल्या. गोवऱ्या आतून ओल्या झाल्या होत्या. फुंकून फुंकून बायांचे डोळे लाल व्हायचे, पण जाळ धरायचा नाही. मंजुळाकडं तर गोवऱ्याही नव्हत्या. माण तालुक्यातून नवऱ्यापाठी इकडं येऊन तिला दोनच वर्षं झाली होती. दारात म्हैस नाही, बांधावर बाभळ नाही. पिंपरीला निर्वासितांची छावणी वसली, तिच्या पलीकडं औषधांचा नवा कारखाना उभा राहिला, माणूस वाढलं आणि नदीकाठची काटकी न् काटकी वेचून संपली. वखारीतलं लाकूड रविवारी आणायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत ताणायचं, असं तिचं चाललेलं. या झडीत ते गुरुवारीच संपलं.

शुक्रवारी सकाळी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, चार वर्षांच्या इंदूला कडेवर बसवून ती रुळाकडं गेली. इंजिनातून पडलेले अर्धवट जळके कोळसे खडीत सापडायचे. तासभर ओणवं राहून तिनं निम्मी पाटी भरली. तेवढ्यात रूळ तपासणारा गँगमन आला. त्यानं पाटी उचलली आणि शेजारच्या पाण्यानं भरलेल्या चरात पालथी केली.

"सरकारी माल हाय," तो म्हणाला.

"पोरगीला गार पाण्यात पीठ कालवून घालू का मग?" मंजुळानं विचारलं.

"ते मला इचारू नगं."

रिकामी पाटी त्यानं तिच्या पायाशी टाकली. इंदू त्याच्याकडं बघत होती. पोरीदेखत झालं याचंच मंजुळाला जास्त लागलं.

परतीची वाट बरकत मिस्त्रीच्या शेडच्या मागून होती. मुंबई रस्त्यावर पत्र्याची ती शेड. मालट्रकच्या बॅटऱ्या तिथं दुरुस्तीला आणि चार्जिंगला यायच्या. मंजुळाचा नवरा ज्योतीराम तिथंच कामाला होता. बॅटरीच्या तोंडावरचं डांबर तापवून सोडवायचं, तेजाब मडक्यात ओतून घ्यायचं, आतल्या शिशाच्या प्लेटा उपसायच्या, नव्या बसवायच्या. तेजाबाच्या शिंतोड्यांनी त्याच्या विजारीची चाळण झाली होती आणि मांडीवर पांढरे डाग पडले होते. प्लेटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पातळ लाकडी पट्ट्या घातलेल्या असत. जुन्या पट्ट्या आणि तळाचा राखाडी गाळ शेडमागच्या खड्ड्यात टाकायचा.

त्या खड्ड्याला बरकतचा सक्त दंडक होता. यातलं काही घरी न्यायचं नाही. साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. कामाचा सदरा शेडमध्येच ठेवून जायचं. का, ते तो सांगत नसे. त्याचा स्वतःचा उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबायचा. चहाची बशीही तो डाव्या हातानं उचलायचा. लकवा मारलाय, असं लोक म्हणत. ज्योतीराम म्हणायचा, म्हातारा चिकट आहे, फेकायच्या वस्तूवर पण पहारा.

मंजुळा खड्ड्याच्या काठाला थांबली. पावसानं पट्ट्या धुऊन निघाल्या होत्या. कंगव्यासारख्या बारीक धारा असलेल्या, मुद्दाम कुणी फोडून ठेवल्यासारख्या पातळ. शेडमधून हातोडीचा आवाज येत होता. तिनं इंदूला खाली उतरवलं आणि पाटी भरली.

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी चूल रडली नाही. डांबर लागलेल्या पट्ट्या काडी लावताच भडकल्या. धुराला वेगळाच उग्र वास होता, पण तवा तापला, भाकरी फुगली. संध्याकाळी ज्योतीराम आला, त्यानं चुलीपुढची चवड बघितली आणि दारातच थबकला.

"कुणी बघितलं का?"

"न्हाई."

"मिस्त्रीला कळलं तर काढून टाकंल मला. चोरी म्हणंल."

"फेकून दिलेल्याची कसली चोरी?" मंजुळा म्हणाली आणि तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली. गरम भाकरीचा पापुद्रा त्यानं मोडला.

पंधरा दिवस ती एक दिवसाआड, पहाटेच्या अंधारात, पाटी भरत राहिली. ओल्या पट्ट्या चुलीभोवती उभ्या करून वाळवायच्या. त्यांच्यावरची करडी भुकटी झडून जमिनीवर पडे, ती झाडूनं गोळा करून राखेत ढकलायची. राखेनं भांडी घासायची, तिनंच दात घासायचे. उरलेली राख परसातल्या दोडक्याच्या आळ्यात. इंदू ओल्या बोटानं राख चाटायची. मंजुळानं एकदा हातावर चापट मारली तर पोरगी म्हणाली, "ग्वाड लागती."

शेजारच्या खोलीत सलिमा राहायची. तिचा नवरा जहीर चिंचवड स्टेशनावर टांगा चालवायचा. सलिमाला सातवा महिना होता. आधीची दोन पोटं पडली होती, म्हणून सासू झुलेखाबी तिला घागरही उचलू द्यायची नाही. मंजुळा इथं नवी आली तेव्हा सलिमानंच तिला विहीर दाखवली होती, पहिल्या दिवशीचं पीठ दिलं होतं. तिच्या चुलीचा धूर भिंतीवरून इकडं यायला लागला तशी मंजुळानं एक भारा तिला नेऊन दिला. कुठून आणला ते सांगितलं नाही.

आषाढ सरता सरता इंदूचं पोट दुखायला लागलं. गुडघे पोटाशी घेऊन ती कोपऱ्यात पडायची. चार-चार दिवस तिला परसाकडं व्हायचं नाही. भाकरी पुढं केली की तोंड फिरवायची. अंग फिकट पडलं. एरवी चिमणीसारखी बडबडणारी पोर कुणी हाक मारली तरी चिडून किंचाळायला लागली. मंजुळानं ओवा दिला, एरंडेल दिलं, दृष्ट काढली. दुखण्याला नाव द्यावं असं काही सापडेना आणि म्हणून तिला जास्त भीती वाटे. ज्योतीरामलाही पोटात पीळ पडायचा. एक दिवस तो कामावर गेलाच नाही.

त्या दुपारी बरकत मिस्त्री स्वतः छत्री घेऊन आला. दारात वाकून त्यानं चपला काढल्या.

"ज्योतीराम, तब्येत कशी आहे रे?"

ज्योतीराम उठून बसला. मंजुळानं पदर सावरला आणि चहाचं आधण ठेवायला चुलीकडं वळली. वळल्यावर तिच्या ध्यानात आलं. पण उशीर झाला होता. बरकतची नजर चुलीपाशी गेली होती. भिंतीला टेकून पट्ट्यांची रांग वाळत उभी होती.

तो उकिडवा बसला. डाव्या हातानं एक पट्टी उचलून त्यानं उजेडात धरली.

"हे कोणी आणलं?"

ज्योतीराम जमिनीकडं बघत राहिला. नोकरी गेली तर खोली जाईल, खोली गेली तर आजारी पोर घेऊन या पावसात कुठं जायचं, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

"मी आणलं, चाचा," ती म्हणाली. "कालच. लई पाऊस हाय म्हून. एकडावच."

"जाळलं का?"

"न्हाई. अजून वाळतंय."

बरकतनं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. तिला वाटलं, याला सगळं कळलंय. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खोटं कळूनही ते खरं निघावं असं वाटणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता.

"जाळू नको बेटी," तो शेवटी म्हणाला. "धूर वाईट असतो याचा. सगळं परत टाकून ये खड्ड्यात. माझ्या शेडमधलं लाकूड घेऊन जा पाहिजे तेवढं."

चहा न घेताच तो गेला. ज्योतीराम म्हणाला, "आता फौजदारी करतो काय की हा." मंजुळाही तेच समजली. चोरीचा माल घरात सापडू नये एवढाच तिला घोर. भर दिवसा खड्ड्यापर्यंत पाटी नेली तर सगळी वाडी बघणार. तिनं तासाभरात चुलीपुढची रांग आणि फळीखालची चवड, सगळी पोत्यात भरली आणि भिंतीपलीकडं सलिमाकडं नेली.

"एवढं?" सलिमा हसली. "तुला नको का?"

"वखारीचं आणलंया आमी. तुला बाळंतपणाला लागंल."

"अम्मी, बघा, आंघोळीच्या पाण्याची सोय झाली," सलिमा सासूला म्हणाली. झुलेखाबीनं मंजुळाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

पाचव्या दिवशी सकाळी इंदूला उलट्या झाल्या. पाणीसुद्धा राहीना. मंजुळा तिचं तोंड पुसत होती तेवढ्यात पोरीची मान एकदम मागं गेली. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली आणि हातपाय झटके देऊ लागले. अंग लाकडासारखं ताठ. मंजुळा तिला धरायला गेली तर तिच्या हातातूनच ते इवलंसं शरीर उसळत होतं. किती वेळ ते चाललं तिला कळलं नाही. मग पोर ओल्या चिंधीसारखी ढिली पडली. श्वास चालू होता.

ज्योतीराम कामावर होता. पोरीला पदरात गुंडाळून मंजुळा चिखलातून धावत शेडकडं गेली. बरकत चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या रांगेशी उभा होता. तिनं पोरगी त्याच्यापुढं केली.

"चाचा, मी खोटं बोलले. पंधरा दिवस जाळल्या मी पट्ट्या. रोज दोन वेळा."

बरकतनं डाव्या अंगठ्यानं इंदूचा खालचा ओठ खाली ओढला. हिरडीच्या कडेनं निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मग त्यानं ज्योतीरामकडं वळून तेच केलं. तिथंही होती.

तो धावत रस्त्यावर गेला आणि पुण्याकडं निघालेला पहिला मालट्रक त्यानं आडवं उभं राहून थांबवला. दापोडीचा पूल येईपर्यंत इंदूला आणखी एकदा झटका आला. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं नाही, पण गाडी जोरात सोडली.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पोरीच्या हिरड्या बघितल्या, बापाच्या बघितल्या, बरकतचा लोंबणारा पंजा उचलून बघितला आणि सोडला. तो आपसूक खाली पडला.

"शिसं," तो म्हणाला. "धुरातून, राखेतून गेलंय. पोरीच्या मेंदूला सूज आहे. मुंबईहून इंजेक्शनं मागवतो. ती येईपर्यंत टिकली पाहिजे."

"टिकंल का?" ज्योतीरामनं विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही."

पोरीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर तिघं बसून राहिले. फिनेलचा वास येत होता. बरकत बोलायला लागला. तो कुणाकडं बघत नव्हता.

"हा लकवा नाही. मुंबईत सोळा वर्षं शिसं ओतलं मी. आधी पोट धरलं, मग मनगट गेलं. माझा उस्ताद तर शेवटी बायकोला ओळखत नव्हता."

"मग आमाला का सांगितलं न्हाई, चाचा?" मंजुळा म्हणाली.

"सांगितलं की माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. दोघं गेले तसे. म्हणून नुसतं नेऊ नका म्हणायचो. कारण सांगत नव्हतो."

"आमाला वाटलं, तुमी चिकट हाय."

"वाटू दिलं मी," बरकत म्हणाला.

ज्योतीराम उठला आणि लांब जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मंजुळाला त्याच्यामागं जावंसं वाटलं. पण तेवढ्यात तिला सलिमा आठवली. पोत्यात दाबून दाबून भरलेल्या पट्ट्या आठवल्या आणि गालावरून फिरलेला झुलेखाबीचा हात आठवला.

"मला वाडीला जायचंय," ती म्हणाली.

"आता? पोर आत असताना?" ज्योतीराम तिच्याकडं बघत राहिला.

"सलिमाला दिल्यात मी."

बरकतनं डोळे मिटले. मग खिशातून बसच्या भाड्याची चिल्लर काढून तिच्या हातावर ठेवली.

एसटीच्या खिडकीतून पावसाची झड आत येत होती. मंजुळा मनात बोलणं जुळवत होती. मालकानं पट्ट्या परत मागितल्यात, एवढं म्हटलं तरी पुरे. पोतं उचलायचं, निघायचं. पुढचं जळायचं थांबेल. सलिमाला घाबरवायचं कशाला, ती पोटुशी. त्यात काही वाईट नाही. गाडी दापोडीच्या पुलावर येईपर्यंत तिनं मनाशी ते ठरवून टाकलं होतं.

सलिमा चुलीपुढं पाय पसरून कांदा चिरत होती. चुलीत पट्ट्या जळत होत्या. तोच उग्र वास. वर आंघोळीच्या पाण्याचा हंडा.

"इंदू कशी आहे?" सलिमा धडपडत उठू लागली. "अम्मीनं मघाशी नमाजात तिच्यासाठी दुवा मागितली."

"दवाखान्यात हाय." मंजुळा खाली बसली. "सलिमा, त्या पट्ट्या मालकानं परत मागितल्यात."

"घेऊन जा की. बऱ्याच संपल्या पण." सलिमानं कोपऱ्यातलं पोतं पुढं ओढलं. निम्म्याहून कमी उरलं होतं. "छान जळतात. आणि राख बघ, मला डोहाळे लागलेत तिचे. अम्मीला सांगू नको. चिमूट चिमूट जिभेवर टाकते. गोडसर लागते."

मंजुळानं हंड्याखाली हात घातला आणि पेटलेल्या पट्ट्या बाहेर ओढल्या. बोटं भाजली. तिनं हंडा चुलीवर कलता केला. राख उडाली, वाफेनं खोली भरली. आतून झुलेखाबी आली.

"वेड लागलं का गं तुला?"

"खाऊ नगं," मंजुळा म्हणाली. "थुक. इख हाय त्यात. शिसं. माझी पोर त्यानंच पडलीय. मला म्हाईत नव्हतं. पण मिस्त्री जाळू नगं म्हणाला होता, तरी मी तुला दिल्या. चोरी सापडंल म्हून दिल्या."

सलिमाचा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "किती खाल्ली तर होतं?"

"मला ठाव न्हाई."

"माझ्या पोटातल्याला?"

झुलेखाबीनं दार उघडून धरलं. मंजुळानं पोतं उचललं आणि ती पावसात बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी जहीर सलिमाला टांग्यात घालून त्याच डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं दूध दे, अंडी दे, पुन्हा ती राख नको म्हणून सांगितलं आणि पोटाला नळी लावून ठोके ऐकले. ठोके होते. बाकीचं जन्मल्यावर, तो म्हणाला.

इंजेक्शनं तिसऱ्या दिवशी आली. इंदू टिकली. महिन्यानं घरी आली तेव्हा ती चालताना भिंत धरायची आणि बोलता बोलता शब्दच सापडत नसल्यासारखी थांबायची. पाण्याला काय म्हणतात ते तिला आठवायचं नाही. तांब्याकडं बोट दाखवायची. ज्योतीरामनं बॅटरीचं काम सोडलं आणि औषधांच्या कारखान्यात माळ्याच्या हाताखाली लागला. जाण्याआधी चार दिवस त्यानं आणि बरकतनं तोंडाला फडकी बांधून तो खड्डा उपसला. गाळ पत्र्याच्या डब्यांत बंद करून मुंबईला शिसं वितळवणाऱ्याकडं धाडला. उरलेल्यासाठी बरकतनं सिमेंटचा हौद बांधून वर झाकण बसवलं आणि झाकणावर चुन्यानं कवटी काढली. नव्या कामगाराला तो पहिल्याच दिवशी स्वतःचा पंजा दाखवायचा. दोघं ऐकून निघून गेले, तिसरा राहिला.

मंजुळानं घरातली जमीन वीतभर खरवडली. ती माती कुठं टाकावी हेच तिला समजेना. शेवटी तीही हौदात गेली. परसातला दोडक्याचा वेल तिनं मुळासकट उपटला. त्याला बोटभर दोडके लागले होते.

सलिमा तिच्याशी बोलत नव्हती. विहिरीवर मंजुळा आली की झुलेखाबी बादली उचलून जायची. मंजुळा उरलेला हंडा भरत तिथंच उभी राहायची. भिंतीपलीकडून जरा जोरात कण्हल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून ती ऐकत बसायची. भाद्रपदातल्या एका दुपारी तिकडं बायकांची पळापळ सुरू झाली. सुईण आली. मंजुळाला कुणी बोलावलं नाही. ती भिंतीला पाठ लावून बसली, इंदूला मांडीत घेऊन. ऊन कलेपर्यंत ती तशीच होती. मग तान्ह्याचा आवाज आला, बारीक, पण आला.

मुलगी झाली होती. सहाव्या दिवशी दारात सावली पडली म्हणून मंजुळानं मान वर केली तर सलिमा उभी होती. तोंड सुकलेलं, अंगाभोवती चादर, हातात बाळाचं बोचकं. ती आत आली आणि न विचारता मंजुळासमोर बसली.

"बघ हिला," ती म्हणाली.

"काय बघू?"

"इंदूचं तूच सगळ्यात आधी बघितलंस. कशी होती, कशी झाली. आमच्या घरात कुणाला कळणार नाही. तुला कळेल."

मंजुळानं बाळ घेतलं. हलकं होतं, इंदू जन्मली त्यापेक्षा बरंच हलकं. तिनं चादर बाजूला केली. हात हलवून बघितले, पाय बघितले. टाळी वाजवली, तेव्हा बाळ दचकलं. ओठ खाली केला. हिरडी गुलाबी होती. दात नसताना रेघ दिसते की नाही, ते तिला माहीत नव्हतं.

"काय दिसतंय?"

"आता तर काय न्हाई."

"मग कधी दिसेल?"

"म्हाईत न्हाई गं," मंजुळा म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं. सलिमाला तेच हवं होतं की काय, तेही तिला समजेना. "माझ्या इंदूचं पण म्हाईत न्हाई अजून."

सलिमानं कोपऱ्यात भिंत धरून उभ्या असलेल्या इंदूकडं बघितलं. इंदू बाळाकडं बघत होती आणि तिच्या तोंडात कुठला तरी शब्द येऊ बघत होता. दोघी वाट बघत राहिल्या. तो आला नाही. इंदूनं नुसतं बोट दाखवलं.

सलिमानं बाळ परत घेतलं, पण ती उठली नाही.

"मी उद्या आणते हिला," ती म्हणाली. "परवा पण आणते. रोज बघ."

"बघीन."

दुसऱ्या दिवशी याच वेळेला ती आली. तिसऱ्या दिवशी पण आली. दोघी उंबऱ्याशी उजेडात बसायच्या. मंजुळा बाळाचा ओठ हळूच खाली करायची आणि सलिमा श्वास धरून तिच्या तोंडाकडं बघत राहायची.